तुमचा कुत्रा रात्री कुठे असतो?

"आमचो कुत्रो कोणाक काय करणा नाय."

मालवण तालुक्यात कुठल्याही वाडीत जा, कुठल्याही घराच्या खळ्यात उभे राहा, हे वाक्य ऐकायला मिळणारच. आणि बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो. दिवसा त्याचा कुत्रा खरंच कोणाला काही करत नाही. पोस्टमन आला की शेपटी हलवतो, पोरांनी कान ओढले तरी गप्प बसतो, दुपारी तुळशीच्या सावलीत आडवा पडतो. माझं म्हणणं दिवसाबद्दल नाहीच. घरातली जेवणं आटोपली, टीव्ही बंद झाला, पुढच्या पडवीचा दिवा मालवला, की त्यानंतर तुमचा कुत्रा कुठे असतो? हे मला गावातल्या प्रत्येक कुत्रेवाल्याला विचारायचंय. दहातल्या नऊ जणांना उत्तर माहीत नसतं. दहाव्याला माहीत असतं, पण तो सांगत नाही.

मी सांगतो. तो सड्यावर असतो. तुमचा, शेजारच्या भाऊंचा आणि खालच्या वाडीतले दोन, असे चार-पाच मिळून. दिवसा एकमेकांवर गुरगुरणारे हेच कुत्रे रात्री टोळी करून निघतात. काजूच्या बागा, करवंदीच्या जाळ्या, ओहोळाच्या कडेची राई, सगळं पालथं घालतात आणि भेकर उठवतात. पहाटे परत येऊन खळ्यात झोपतात. सकाळी तुम्ही चहाबरोबरचं बटर त्याच्यासमोर टाकता, तो खात नाही, तर तुम्ही म्हणता, "आज तेका बरा नाय वाटता."

बरा कसा वाटेल? पोट भरलेलं असतं त्याचं.

पेपरात, टीव्हीवर कुत्र्यांवरून जी भांडणं चालू आहेत ती 'भटक्या' कुत्र्यांची. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात बारा लाखांहून जास्त भटके कुत्रे मोजले गेले. ती वेगळी डोकेदुखी आहे, तिच्याबद्दल शहरातले लोक बोलतील. आपल्या गावातला हा कुत्रा भटका नाही. त्याला नाव आहे, मालक आहे, दोन वेळचा भात आहे, काहींच्या गळ्यात पट्टा पण आहे. फक्त दावं नाही. याला मोकाट म्हणायची सोय नाही, कारण मोकाट म्हटलं की जबाबदारी कोणाचीच उरत नाही. हा मोकळा सोडलेला कुत्रा आहे. आणि सोडणारा हात कोणाचा हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे.

आता भेकराबद्दल थोडं. कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते फक्त ऐकलेलं आहे, बघितलेलं नाही. वीस-पंचवीस किलोचं, शेळीएवढं जनावर. तांबूस रंग. नराला छोटी शिंगं आणि वरच्या जबड्यातून बाहेर डोकावणारे सुळे. ओरडतं ते कुत्र्यासारखं भुंकल्यागत, म्हणून इंग्रजीतसुद्धा त्याला भुंकणारं हरीणच म्हणतात. चितळासारखं कळपात राहत नाही. एकटं असतं, फार तर मादीबरोबर पिल्लू. पिल्लू साधारणपणे एका वेळी एकच. झाडाखाली पडलेली फळं, कोवळा पाला खातं आणि आवळ्यासारख्या फळांच्या बिया रानभर पसरवतं. पळण्यात ते कमी नाही, पण त्याची पळण्याची पद्धत म्हणजे एक झेप, दोन वळणं आणि जवळच्या दाट जाळीत शिरून गप्प बसणं. बिबट्यापासून वाचायला एवढं पुरतं, कारण बिबट्या दबा धरून एकदाच झडप घालतो. हुकली की सोडून देतो.

कुत्रा सोडत नाही. कुत्रा वास घेत मागे राहतो, जाळीतून उठवतो, पुन्हा पळवतो, आणि एक दमला तर दुसरा पुढे होतो. भेकराचं शरीर असल्या लांब पाठलागासाठी बनलेलंच नाही. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण "पकडला नाय मां? मगे?" असं विचारणारे खूप आहेत. हरणाच्या जातीतलं जनावर जीव खाऊन फार वेळ पळालं की त्याच्या स्नायूंची आतल्या आत नासाडी होते. अंगात आम्ल साठतं, स्नायू फुटतात, तो कचरा रक्तातून मूत्रपिंडात जातो, मूत्रपिंड बंद पडतं. जनावरांचे डॉक्टर याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. म्हणजे कुत्र्याचा एक दातही न लागलेलं भेकर काही तासांनी किंवा काही दिवसांनी कुठल्या तरी ओहोळात पाय ताणून मरतं. तुमच्या कुत्र्याने त्याला 'पकडलं नाही'. बरोबर आहे. त्याने फक्त पळवलं.

मादीच्या मागे कुत्रे लागले की पिल्लू जाळीत एकटं राहतं. ते हलत नाही, कारण हलू नये हेच त्याच्या रक्तात आहे. त्या पिल्लाचं पुढे काय होत असेल ते मी लिहीत नाही.

गेल्या फाल्गुनात आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला काजूच्या बागेच्या तारेच्या जाळीत एक मादी अडकलेली सापडली. हल्ली बागांना चारही बाजूंनी जाळी मारतात, बागवाल्याची त्यात चूक नाही, गुरं आणि डुकरं आत येऊ नयेत म्हणून तो बिचारा मारतो. पण कुत्र्यांना ही जाळी म्हणजे आयती भिंत झालीय. जनावर पळवत आणायचं आणि जाळीवर दाबायचं. मी गेलो तेव्हा मादी जिवंत होती. मागच्या मांडीचं मांस लोंबत होतं. चार कुत्रे थोड्या अंतरावर जिभा काढून बसले होते, आणि त्यातल्या दोघांनी मला बघून शेपटी हलवली. ओळखीचे ना! वनविभागाची माणसं आली, पोत्यावर घेऊन गेली, वाटेतच ती मेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यातल्या एका कुत्र्याच्या मालकाकडे गेलो. भांडायला नाही, सांगायला. माणूस चांगला आहे, अडीअडचणीला धावून येणारा आहे. मला म्हणाला, "कुत्रो काय माका इचारून जाता?"

मी म्हटलं, काका, तुमचा बैल माझ्या वायंगणात शिरला असता तर हेच म्हणाला असता काय? गेल्या वर्षी शेजारच्याच्या गायीनं तुमची मिरची खाल्ली तेव्हा तुम्ही पंचायत बसवलीत. तेव्हा गाय विचारून गेली होती काय?

तर म्हणाले, "मिरची माझी होती. भेकरां काय तुझ्या बापाशीची आसत?"

हे वाक्य मला महिनाभर पुरलं. कारण सगळ्या प्रश्नाची मुळी इथे आहे. मिरचीला मालक आहे म्हणून नुकसान मोजलं जातं. भेकराला सातबारा नाही. त्याच्या वतीनं कोण पंचायत बसवणार?

काकांना कायद्याचं एक कलम वाचून दाखवायची माझी इच्छा होती, तेव्हा राहून गेलं, इथे सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या नुसती बंदुकीपुरती नाही. मारणं, विष घालणं, फासा लावणं, हाकारणं, कुत्रे लावून पाठलाग करणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत येतं. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणंसुद्धा. मेलेलं वन्य जनावर सरकारी मालमत्ता असते आणि ते हातात आलं तर ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालासुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आता या ४८ तासांबद्दल मला काही मंडळींना विशेष सांगायचंय. कुत्र्यांनी पाडलेलं भेकर सकाळी 'गावलं' म्हणून वाटे पाडणारे आपल्याकडे आहेत. नाही म्हणू नका. ते बंदूक उचलत नाहीत, फासा लावत नाहीत, हात एकदम स्वच्छ. फक्त कुत्र्यांना रात्री बांधत नाहीत आणि पहाटे सड्यावर 'फिरायला' जातात. माणसाने मारलं तर शिकार आणि कुत्र्याने मारलं तर निसर्ग, अशी ही सोय आहे.

कायद्याची पळवाटही सांगतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू मांडतो. मालकाने मुद्दाम कुत्रे लावले तर तो शिकारीचा गुन्हा. कुत्रा आपणहून गेला तर मालकाचा हेतू सिद्ध करणं कठीण. म्हणूनच पोलीस आणि वनखातं यांच्या भरवशावर हा विषय सुटणार नाही. तो वाडीतच सोडवावा लागेल.

आता नेहमीची उत्तरं.

"कुत्रो राखणेक होयो." पाहिजेच. माकडं आणि डुकरं यांनी शेती कशी केलीय हे मला वेगळं सांगायला नको, मी पण नारळ-सुपारीवाला आहे. पण राखण म्हणजे काय? कुत्रा बागेत असला तर राखण. तुमची बाग खाली आणि कुत्रा दीड किलोमीटर वर सड्यावर, तर तो कोणाची राखण करतोय? रात्रभर मोकळा असलेला कुत्रा तुमच्या कलमांपाशी थांबतो हा गैरसमज आहे. राखणीला कुत्रा हवा असेल तर दोन झाडांच्या मध्ये जाड तार ताणा, तारेत कडी घाला, कडीला साखळी. कुत्रा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, भुंकतो, डुकराला पिटाळतो आणि हद्दीत राहतो. खर्च एका कोंबड्याचा.

"आमच्या आजोबाच्या येळार पण कुत्रे होतेच मां?" होते. पण आजोबांच्या वेळी घरात बारा माणसं आणि एक कुत्रा होता. आता घरात दोन म्हातारी माणसं आणि चार कुत्रे आहेत. तेव्हा उष्टं-खरकटं उरायचंच किती? आता चिकनच्या दुकानामागची आतडी आणि पिसं, हॉटेलच्या मागे टाकलेली माशांची डोकी, लग्नाच्या हॉलमागचा ढीग, बंदरावरचं कुजकं म्हावरं, सगळं उघड्यावर. कुत्र्यांना खाण्याची ददात नाही, त्यामुळे पिल्लं जगतात आणि टोळ्या वाढतात. उपाशी कुत्रा शिकार करतो हाही एक गैरसमजच. भरल्या पोटाच्या कुत्र्याकडे रात्रभर पळायला जास्त ताकद असते. आणि आजोबांच्या वेळचं रान तरी कुठे राहिलंय? इकडे चिरेखाण, तिकडे प्लॉटिंग, मध्ये रस्ता. भेकराला लपायला जी जाळी आहे ती दोन कुंपणांच्या मधली पट्टी. आजोबांच्या वेळी शिमग्याला पारध पण निघायची. म्हणून ती परत सुरू करायची काय?

"ह्यो निसर्गाचो नियम." हा नियम सांगणाऱ्यांना एकच विचारतो. बिबट्या, कोल्हा, रानकुत्रा यांना शिकार मिळाली नाही तर ते उपाशी राहतात, त्यांची संख्या आपोआप खाली येते. तुमच्या कुत्र्याला शिकार मिळाली नाही तर तो घरी येऊन पेजेत बुडवलेला बांगडा खातो. त्याची संख्या खाली येत नाही. रानातल्या भेकरांची एकदा वाट लागली तरी तो तसाच राहणार. ह्यात निसर्ग कुठे बसतो?

हे फक्त भेकरापुरतं नाही. दक्षिणेला वेंगुर्ल्याच्या वायंगणीपासून उत्तरेला देवगडच्या तांबळडेगपर्यंत आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. पिल्लं बाहेर पडायला पंचेचाळीस ते साठ दिवस. त्या दिवसांत गावातली कासवमित्र मंडळी रात्री-पहाटे किनारा पालथा घालतात, घरटी शोधतात, जाळीचं कुंपण करतात. कशापासून वाचवायला? कोल्हे, मुंगूस, डुक्कर आणि कुत्रे. त्यातला कोल्हा आणि मुंगूस किनाऱ्यावर कासवांच्या बरोबरीने राहत आलेत. कुत्रा आपण नेला. आणि त्यातले कितीतरी कुत्रे पर्यटकांच्या ताटातल्या काट्यांवर वाढलेले. म्हणजे बघा कशी गंमत आहे, पाहुण्याला सकाळी कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना दाखवायची, त्याचे फोटो लावून खोल्या भरायच्या, आणि रात्री त्याच अंगणातला कुत्रा वाळू उकरायला मोकळा. कासव तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या रांगेत.

"सिंधुदुर्गात दोन भेकरां मेली म्हणून काय जग बुडाला?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडे आकडे. २०१७ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून झालेल्या अभ्यासात पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा अकरा पृष्ठवंशीय प्राण्यांच्या समूळ नाशात हात आहे आणि आणखी १८८ धोक्यातल्या प्रजातींना त्यांचा त्रास आहे असं निघालं. भारतापुरता २०१८ मध्ये चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि अबी तमीम वनक यांनी अभ्यास केला. कुत्र्यांनी ८० प्रजातींवर हल्ला केल्याच्या नोंदी त्यांना मिळाल्या, त्यातल्या ३१ धोक्यातल्या. जवळपास निम्म्या हल्ल्यांत जनावर मेलं, आणि जवळपास निम्मे हल्ले अभयारण्यांच्या आत किंवा लगत झालेले. वनक यांनी त्याआधी आपल्याच सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर खोकडांवर काम केलंय. तिथे दिसलं की खोकड कुत्र्यांच्या वावराची जागा टाळतात. म्हणजे कुत्र्याने मारायचीच गरज नाही. तो रोज तिथे फिरतोय एवढंच पुरे, रानातलं जनावर आपली चरायची, लपायची, पिल्लं घालायची जागा सोडतं. मारलेलं दिसतं तरी. हे दिसतसुद्धा नाही.

चेन्नईला आयआयटीच्या आवारात चितळं आणि काळवीट आहेत. तिथे कुत्रे हरणं मारत राहिले, शेवटी संस्थेने कुत्र्यांना बंदिस्त जागेत ठेवायला घेतलं, तर प्राणिप्रेमी संघटनांनी आरडाओरडा केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. एवढी मोठी संस्था, सगळीकडून भिंत, पहारेकरी, तरी ही स्थिती. आपल्या सड्याला तर भिंतच नाही.

रोगाचं पण बघा. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया भागात वीसहून जास्त सिंह मेले, तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांचा रोग. आफ्रिकेत सेरेंगेटीत १९९४ ला ह्याच रोगाने हजारभर सिंह गेले, तिथेही बोट गावठी कुत्र्यांकडेच गेलं. आपल्याकडे सिंह नाहीत, बिबटे आणि कोल्हे आहेत. लस न टोचलेला कुत्रा रात्रभर रानात फिरतो तेव्हा तो एकटा फिरत नसतो.

बिबट्याचा विषय निघालाच आहे तर कुत्रेवाल्यांच्याच फायद्याचं सांगतो. "बिबटो वाडीत येता, वनखात्यान बंदोबस्त करूक होयो," म्हणून निवेदनं देता ना? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, २०१४ मध्ये तो छापून आला. बिबट्याच्या खाण्यात पाळीव जनावरांचा वाटा ८७ टक्के, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. बिबट्या वाडीत माणसासाठी येत नाही, तुमच्या खळ्यातल्या मोत्यासाठी येतो. म्हणजे तुमचा कुत्रा रात्री वर जाऊन बिबट्याचं रानातलं खाणं कमी करतो, आणि पहाटे खाली येऊन स्वतः त्याचं खाणं होतो. बिबट्याला वाडीची वाट याहून सोपी करून कोण देईल? रात्री कुत्रा बंद दाराआड किंवा पक्क्या खुराड्यात ठेवा. भेकर वाचेल, कुत्रा वाचेल, आणि पहाटे परसात जाणारी आपली आई वाचेल.

आता दोन टोकांच्या मंडळींशी दोन शब्द.

पहिली मंडळी म्हणते, "इख घाला, एका रातीत मोकळे." ह्यांना हात जोडून सांगतो, हे मनातही आणू नका. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात जनावराला विष घालून मारायला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती बाजूला ठेवा. विष घातलेलं मटण कुत्रा विचारून खात नाही तसं कोल्हा, घार, उदमांजर आणि बिबट्यापण विचारून खात नाही. मेलेला कुत्रा ज्यांनी खाल्ला तेही मेले. भेकर वाचवायला निघालात आणि रान साफ करून आलात. शिवाय कुत्र्याचा ह्यात गुन्हा काय? हजारो वर्षांपूर्वी आपणच त्याला पाठलाग करायला शिकवलं, तो अजून तेच करतोय. माझा राग कुत्र्यावर नाहीच. कुत्र्याला दावं बांधता येत नाही, ते बांधायला दोन हातांचं जनावर लागतं.

दुसरी मंडळी शहरातून आलेली. सुट्टीत येतात, किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटांचे पुडे वाटतात, "सो स्वीट" करतात आणि रविवारी रात्रीच्या गाडीने जातात. त्यातलेच काही मे महिन्यात पोरांच्या हट्टापायी पिल्लू आणतात. जूनला शाळा सुरू झाली की पिल्लू गावच्या घरात, आणि गावच्या घराला कुलूप. गणपतीत येऊन बघतात तर पिल्लाचा कुत्रा झालेला, वाडीतल्या टोळीत सामील. मग कौतुक, "आमच्या ब्रूनोने किती छान जमवून घेतलं गावाशी!" जमवून घेतलं, होय. तुमचा ब्रूनो काय खाऊन जगला ते विचारायचं राहिलं.

ह्या मंडळींना कायदा तोंडपाठ असतो, पण अर्धाच. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे भटका कुत्रा पकडून, नसबंदी आणि लस करून परत त्याच जागी सोडायचा, हे ते सांगतात. पाळलेल्या कुत्र्याची लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे, ही त्याच नियमांतली गोष्ट सांगत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचं ऑगस्ट २०२५ पासून जे चाललंय, ११ तारखेचा दिल्लीपुरता कडक आदेश, २२ तारखेची त्यातली सुधारणा, मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं यांच्या आवारातून कुत्रे हटवायचा आदेश, त्यावर सगळा देश दोन तट करून भांडला. भांडा. पण त्या सगळ्या भांडणात रानाच्या कडेचा, मालक असलेला, रात्री मोकळा सुटणारा कुत्रा कुठेच नाही. त्यासाठी दिल्लीकडे बघायची गरजही नाही. त्याचा मालक आपल्या हाकेच्या अंतरावर राहतो.

मग शेजाऱ्याशी बोलायचं कसं? कारण खरी अडचण तीच आहे. कायदा माहीत असून आपण बोलत नाही, कारण उद्या त्याच्याच विहिरीवर पंप लावायचाय, त्याच्याच घरात बारशाला जायचंय, मयताला तोच खांदा देणार आहे. मी जे करून बघितलंय ते सांगतो. तापलेल्या डोक्याने जाऊ नका, घटनेच्या रात्री तर नाहीच. दोन दिवसांनी जा. एकटे जा, चार माणसं घेऊन गेलात की त्याला पंचायत वाटते आणि तो अडून बसतो. "तुमचो कुत्रो" असं सुरू करू नका, "रात्री वरसून कुत्र्यांचो आवाज येता, तुम्ही आयकलास काय?" असं सुरू करा. मोबाईलमध्ये दिसेल असं काही असेल तर दाखवा, पण गावाच्या ग्रुपवर टाकून झाल्यावर नाही, त्याआधी. एकदा चारचौघांत नाक कापलं की तो कुत्रा कधीच बांधणार नाही, हट्टानं सोडेल. नसबंदीच्या खर्चाची अडचण असेल तर अर्धे पैसे तुम्ही घाला. खरंच घाला. मी घातलेत. वाडीतले पाच-सहा कुत्रे एकाच दिवशी गाडीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले तर खर्चही विभागतो आणि कोणा एकाला वेगळं काढल्यासारखंही होत नाही. सगळं करून माणूस ऐकतच नसेल तर मात्र लेखी तक्रार द्या, ग्रामपंचायतीला आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाला. तारीख, वेळ, जागा घालून. भीड एका मर्यादेपर्यंत ठीक.

माझ्या काकांचं सांगायचं राहिलं. तीन महिने बोलले नाहीत माझ्याशी. पण मोठा कुत्रा आता रात्री पडवीत साखळीला असतो. धाकटा अजून मोकळा आहे. "ल्हान आसा तो," म्हणतात. बघू.

जखमी भेकर सापडलं तर काय करायचं हेही लिहून ठेवतो, कारण लोक मायेपोटी मारतात. पाणी पाजू नका, पाला भरवू नका, कुरवाळू नका. आपला हात म्हणजे त्याला कुत्र्याचं तोंडच वाटतं. कुत्रे लांब न्या, गर्दी हटवा, डोळ्यांवर सुती कापड टाका, काळोखात आणि शांत ठेवा, आणि वनविभागाच्या १९२६ ह्या नंबरवर फोन करा. फोटो, व्हिडिओ, पोरांना दाखवायला आणणं, सगळं नंतर. किंवा नाहीच.

१ मेची ग्रामसभा येतेय. मुद्दाम तीच म्हणतो, कारण तेव्हा चाकरमानीही गावात असतात आणि ब्रूनोवाल्यांनाही ऐकायला मिळेल. ठरावात मला पाच गोष्टी हव्यात. गावातल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याची मालकाच्या नावासह नोंदवहीत नोंद. दिवे लागल्यापासून सकाळी सातपर्यंत कुत्रा बांधलेला किंवा बंद. रेबीजच्या लशीचा दाखला वर्षातून एकदा पंचायतीत. चिकन-मटण दुकानं आणि हॉटेलं यांचा कचरा झाकणबंद, उघड्यावर दिसला तर दंड. आणि घराला कुलूप लावून गावाबाहेर जाणाऱ्याने कुत्रा मागे सोडून जायचा नाही. कासवांच्या किनाऱ्यावरच्या गावांनी यात सहावी ओळ घालावी, की नोव्हेंबर ते मे किनाऱ्यावर कुत्रा साखळीशिवाय नाही, होमस्टेवाल्यांसकट.

मसुदा मी एका पानात लिहून ठेवलाय. कोणाच्याही गावाला लागला तर घेऊन जा, वरचं गावाचं नाव तेवढं बदला. आमच्या गावात मांडायला सूचक मी आहे, अनुमोदक अजून मिळायचा आहे.